अकरा डॉलर सत्तर सेंट

आर्लन गेला तेव्हा आकाशावर कर नव्हता.
हे मला नंतर कळलं, किराणा दुकानाच्या रांगेत,
पुढच्या माणसाच्या बगलेतल्या पेपरातून.
राजधानीत दोन्ही बाजू हटून बसल्या,
शुक्रवारी रात्री बाराच्या ठोक्याला कायद्याची मुदत सरली,
आणि विमानाच्या तिकिटावर साडेसात टक्के घ्यायला
सरकारकडे कारण उरलं नाही.

घरी येऊन पेन्सिल काढली.
एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखली मी,
आकडा दिसला की हात शिवशिवतो.
भाडं तीनशे बारा. त्यावर कर तेवीस चाळीस.
ग्रँड रॅपिड्सहून स्पोकेनला गेले बुधवारी: कर होता.
परतले पुढच्या मंगळवारी: नव्हता.
म्हणजे निम्मे माझे.

विमान कंपनीला फोन लावला.
चाळीस मिनिटं बासरी ऐकवून एक मुलगी म्हणाली,
पैसे आम्ही केव्हाच पुढे भरले, बाई, करखात्याला विचारा.
करखातं म्हणालं, ज्यानं घेतले त्यानं द्यावेत.
ज्यानं घेतले तो म्हणे मी नुसता हमाल.
आणि हाच हमाल
कर संपला त्या रात्रीच, दिवा मालवायच्या आत,
नव्या तिकिटांचं भाडं तेवढ्याच टक्क्यांनी चढवून मोकळा झाला होता.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ;
गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही, रक्कम तीच होती.

शेवटी फॉर्म आला. कलम चार:
त्या दिवसांत प्रत्यक्ष प्रवास केल्याचा पुरावा जोडा.
बोर्डिंग पास कोटाच्या खिशात सापडला, चौघडी घातलेला.
सोमवारी रात्री आर्लनच्याच प्रिंटरवर काढला होता,
शाई संपत आलेली, माझं आडनाव अर्धंच उमटलेलं.
मागे माझं अक्षर:
शवगृहाचा नंबर,
भाड्याचा पलंग परत नेणाऱ्याचा नंबर,
आणि 'मांजर – मिसेस ओकाडा?' असं प्रश्नचिन्हासकट.

वाचनालयातला पोरगा म्हणाला, दोन्ही बाजूंची कॉपी काढू?
पानाला दहा सेंट.
नको, म्हटलं, पुढचीच पुरे.
दावा अकरा सत्तरचा, त्यातले दहा सेंट इथेच गेले,
शिवाय पोस्टाचं तिकीट.

हे सगळं मी कुंपणावरून डेल प्रूइटला सांगितलं,
हसत, माझ्या परीनं रंगवून.
तो विमानतळाच्या नव्या टॉवरवर काँक्रीट ओततो.
ओतायचा. त्याच शुक्रवारनंतर सगळ्यांना घरी धाडलं,
पगार त्याच कराच्या पैशातून व्हायचा म्हणे.
'अकरा सत्तर,' तो म्हणाला, आणि मशीन सुरू केलं.
त्या आठवड्यात तो तिसऱ्यांदा गवत कापत होता.
कापण्याजोगं काही उरलंच नव्हतं तिथे.
मी उगाच बोलले असं वाटलं.
तरी लिफाफा टाकलाच पेटीत.
आपलं ते आपलं, असं म्हणत, थोडी चडफडत.

उत्तर आलं तेव्हा मेपलची पानं गळून गेली होती.
कायदा मंजूर झाला आहे, लिहिलं होतं,
आणि तो मागल्या तारखेपासून लागू आहे;
सबब सदर कालावधीत कर कधीच संपलेला नव्हता
असे समजण्यात यावे.

समजण्यात यावे.
मी ते तीनदा वाचलं, चहा गार होईपर्यंत.
त्या दिवसांतला रविवार,
पहाटे चारला खिडकी उघड म्हणालेला आर्लन,
मी उठून उघडली ती,
बाहेरून आलेला पाइनच्या लाकडाचा वास,
आणि वळून पाहिलं तोवर.

पत्र डेलला दाखवलं.
टॉवरवर परत घेतलं होतं त्याला, हात सिमेंटनं पांढरे.
चष्मा नव्हता, म्हणून कागद लांब धरून वाचला त्यानं.
'माझ्या तेरा दिवसांचं काय समजायचं म्हणतात?'
त्याबद्दल त्यात काही नव्हतं.
आम्ही पान उलटून पाहिलं.
मागची बाजू कोरी होती.